रक्ताचा दोष की सांगण्याचा दोष?

विज्ञान सामान्य माणसापर्यंत पोचले पाहिजे, असे म्हणणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच उणीव नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' काढले, तेव्हापासून आजतागायत मराठीत विज्ञान सांगण्याचा उद्योग अव्याहत चालू आहे. १९२८ साली 'सृष्टिज्ञान' निघाले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९८०च्या सुमारास लोकविज्ञान चळवळ उभी राहिली. या सर्वांचे ऋण मी मानतो. परंतु या इतिहासात एक प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. ज्याला विज्ञान सांगायचे तो 'सामान्य माणूस' कोण? त्याची वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे? आणि जे त्याला सांगितले जाते ते त्याच्या कानांवर कोणत्या अर्थाने पडते?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. मी सौंदडचा. नागपूर-रायपूर महामार्गावरचे आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचे हे आमचे गाव; चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि पलीकडे जंगल. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. वडील दुसऱ्याच्या बांधीत राबले, आईने विड्या वळल्या. घरातला पहिला पदवीधर मी. आज एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. २००९च्या सुमारास मी पदवीच्या वर्गात असताना आमच्याकडे रक्ततपासणीचे शिबिर झाले. काही दिवसांनी हातात एक कार्ड पडले. त्यावर 'ए. एस.' अशी दोन अक्षरे आणि 'सिकलसेल वाहक' असा शिक्का. म्हणजे काय, असे मी विचारले. कार्ड वाटणारा म्हणाला, "लग्नाच्या वेळी सांभाळा." एवढेच. माझ्यापर्यंत पोचलेले विज्ञान ते एवढेच होते.

मी कार्ड पेटीच्या तळाशी ठेवले आणि चार वर्षे कोणालाही दाखवले नाही. याच काळात माझा मामेभाऊ घरात तळमळत होता. पावसाळ्यात रोवणीला उतरला की त्याचे हातपाय ठणकत, डोळे पिवळे होत. कोणी वात म्हणे, कोणी 'बाहेरचं' म्हणे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या त्या घरातून त्याला रात्री गुपचूप मांत्रिकाकडे नेले जाई, हे मी लपवणार नाही. बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याला सिकलसेल होता, हे त्याच्या आईला तो गेल्यानंतर समजले; आणि जे समजले तेही असे की तिचा 'रक्तदोष' त्याला लागला. ती माउली आजही स्वतःला त्याची मारेकरीण समजते. हा लेख मी तिच्यासाठी लिहीत आहे, जरी तिला तो वाचता येणार नाही.

आधी या आजाराचा इतिहास पाहू; कारण तो जितका रक्ताचा इतिहास आहे तितकाच सांगण्याचाही आहे.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने एका कृष्णवर्णीय तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. तो तरुण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी होता. हेरिकच्या लेखात त्याचे नाव नाही. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे नाव संशोधकांनी पुढे शोधून काढले. आजाराला नाव मिळाले, आजाऱ्याला मिळायला कित्येक वर्षे लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार. पुढे व्हर्नन इन्ग्रमने त्या रेणूतली नेमकी जागा दाखवली: प्रथिनांच्या साखळीतली एक कडी बदललेली असते, बाकी सारे जसेच्या तसे. प्राणवायू कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून ठणकू लागतो. माझ्या मामेभावाच्या हाडांत जे होत होते ते हे.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत ही पेशी प्रथम नोंदली गेली. आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील तिचे अस्तित्व 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तपासलेल्यांत महार समाजातील लोक होते.

हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याच नागपुरात आमच्या आजोबा-पणजोबांनी धम्म स्वीकारला होता. त्यामागे वीस वर्षांचा एक वैज्ञानिक वादही उभा होता, हे आपण विसरतो. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६ च्या निबंधात जात म्हणजे वंश नव्हे हे वंशशास्त्राच्याच आधाराने दाखवले होते. 'अस्पृश्य मूळचे कोण' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे कोष्टकच समोर ठेवले आणि ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत असा निष्कर्ष काढला. मानववंशशास्त्राची मोजपट्टी ज्यांच्या विरुद्ध वापरली गेली होती, त्यांच्या बाजूने ती फिरवणारा हा माणूस. विज्ञान लोकांना सांगणे म्हणजे काय याचा याहून मोठा वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

आणि नेमक्या त्याच सुमारास, 'आमच्या रक्तात विटाळ नाही' असे म्हणून माणसे मान वर करत असताना, प्रयोगशाळा सांगू लागली की तुमच्या रक्तात काही आहे. यात प्रयोगशाळेचा गुन्हा नाही. जे दिसले ते तिने लिहिले. परंतु ते इंग्रजीत लिहिले गेले, आणि ज्यांच्या रक्ताबद्दल लिहिले त्यांच्याशी त्याबद्दल कोणी बोलले नाही. महाराष्ट्र शासनाचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो २००८-०९ मध्ये. मधली पन्नास वर्षे ही बातमी वस्त्यांत पोचली ती फुटक्या भांड्यातून झिरपावी तशी: हा 'त्यांचा' आजार आहे, 'त्यांच्या जातीतच' असतो.

आता विज्ञान याबद्दल प्रत्यक्षात काय म्हणते? १९५४ साली ए. सी. ॲलिसन याने आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले की ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे त्याला मारक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे शतकानुशतके हिवतापाने मुले मेली तिथे हे जनुक टिकून राहिले. म्हणून ते आफ्रिकेत आहे, तसे ग्रीसमध्ये, सिसिलीत, तुर्कस्तानात, अरबस्तानातही आहे. आमच्याकडे ते गोंड, परधान, माडियांत आहे, पूर्वाश्रमीच्या महारांत आहे, कुणबी-तेल्यांतही आढळते. जंगल, पाणी आणि डास यांच्या सान्निध्यात ज्यांनी पिढ्या काढल्या त्यांच्या रक्तात जगण्याच्या झगड्याची ही खूण राहिली. माणसे जातीबाहेर लग्ने करत नाहीत, म्हणून ती खूण जातीच्या कुंपणात दाट झाली. म्हणजे जातीने हे जनुक निर्माण केले नाही. जातीच्या विवाहबंदीने त्याच्या दोन प्रती एका पोटी येण्याचा संभव मात्र वाढवला. हे वाक्य एकाही पत्रकात मी वाचलेले नाही. ते छापायला अवघड आहे, कारण ते आजाऱ्याला सोडून समाजव्यवस्थेकडे बोट दाखवते.

येथे शब्दांचा विचार करावा लागतो. 'रक्तदोष', 'सदोष पेशी', 'निर्दोष' हे शब्द आरोग्याच्या पत्रकांत सहज येतात. मराठीत दोष म्हणजे केवळ बिघाड नव्हे. ग्रहदोष, दृष्टिदोष, पूर्वजन्मीचा दोष. दोष म्हटला की कोणीतरी दोषी आलाच. 'वाहक' हा शब्दही तसाच. आमच्या वस्तीतल्या एका बाईने तो ऐकून विचारले, "वाहक म्हंजे एस. टी.तला का जी?" सारे हसले, पण तिचे बरोबर होते, तिच्या आयुष्यात वाहक एकच, तिकिटे फाडणारा. आणि ज्यांनी तो शब्द आरोग्य खात्याकडून ऐकला होता त्यांना डास आठवला, कारण रोगवाहक म्हणून त्यांनी डासच ऐकला होता. उलट 'सिकल' या शब्दाचा अर्थ विळा, हे कोणी सांगितलेच नाही. धान कापणीला प्रत्येकाच्या हाती जो इळा असतो त्याचेच नाव या आजाराला आहे. परदेशी डॉक्टरला पेशी पाहून शेतकऱ्याचे अवजार आठवले. आम्ही शेतकऱ्यांना ते सांगताना अवजार काढून घेतले आणि परका शब्द तेवढा हाती दिला.

सांगण्याची ही रीत मराठीत पूर्वी वेगळी होती. जोतीराव फुल्यांचे १८५५ चे 'तृतीय रत्न' हे नाटक मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला लावतो. त्यात एका गरोदर शेतकरणीला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि ते भाबडे जोडपे कर्जात बुडते. पोटातल्या बाळाबद्दलची भीती हेच शोषणाचे भांडवल, हे जोतीरावांनी अचूक हेरले. नाटकात प्रश्नोत्तरे आहेत, विदूषक मध्येच सत्य बोलून जातो, आणि शेवटी जोडपे रात्रीच्या शाळेकडे वळते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत अशी मागणी केली. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बांधबंदिस्ती, जनावरांची पैदास, शेतीची प्रदर्शने हे विषय आहेत. पण तेथे ज्ञान आणि लूट यांचा हिशेब एकाच वहीत मांडलेला आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आजाऱ्यांच्या सेवेत स्वतः गेल्या आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचा अंत झाला. सांगणारा आणि सोसणारा यांच्यात तेव्हा अंतर नव्हते.

पुढे गाडगेबाबांनी कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची रीत बसवली. सत्यशोधक जलसे झाले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. मराठी विज्ञानप्रसाराच्या इतिहासात या मंडळींची नोंद सहसा होत नाही, कारण त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. पण 'असे का?' हा प्रश्न विचारायला माणसाला उभे करणे हे विज्ञानाचे पहिले काम असेल, तर ते यांनी केले.

या प्रश्नाचा दुसरा अध्याय अमेरिकेत घडला आणि तो आपल्याला फार जवळचा आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे. त्या ब्लॅक पँथरने १९७१ पासून कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेलची तपासणी हाती घेतली होती. आमच्या लोकांचा आजार म्हणून सरकारने याकडे दुर्लक्ष केले, असा त्यांचा आरोप होता. १९७२ साली अमेरिकन सरकारला सिकलसेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, आवेश घेतला, कवितेची धार घेतली. दवाखाना घेतला नाही. त्या काळच्या कार्यकर्त्यांना दोष द्यावा असा माझा हेतू नाही. अत्याचारांशी लढतानाच त्यांचे दिवस संपत होते. परंतु नोंद करणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

तिथेही सारे सुरळीत झाले नाही. काही राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि आजारी यांतला फरक लोकांना नीट सांगितला गेला नाही, आणि धडधाकट वाहकांना नोकरीत व विम्यात अडचणी आल्या. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. आणि ज्याने या आजाराचा रेणू उलगडला त्या पॉलिंगने १९६८ साली काय सुचवावे? वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! हा माणूस दुष्ट नव्हता. अणुचाचण्यांविरुद्ध लढून शांततेचे नोबेल मिळवलेला होता. पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विद्वत्ता आणि सद्हेतू दोन्ही असूनही विज्ञान सांगण्यात इतकी मोठी चूक होऊ शकते.

आमच्याकडेही काम करणारे आहेत. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके हे या आजाराची झळ स्वतःच्या घरात सोसलेले गृहस्थ. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. त्याच वर्षाअखेर ब्रिटन-अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. सौंदडच्या विडी कामगाराला यातले काय मिळेल? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, वेळेवर तपासणी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि एक कार्ड. यांतल्या गोळीने आयुष्य वाढते. कार्डाने मात्र लग्न मोडते, जर सांगणारा नसेल तर.

दोन वर्षांपूर्वी मी ते कार्ड पेटीतून काढले आणि आमच्या विहारात घेऊन गेलो. "हे माझं," असे आधी सांगितले. मग दोन वाट्या ठेवल्या. प्रत्येक वाटीत धानाचा एक दाणा आणि लाखोळीचा एक. एक वाटी बापाची, एक आईची. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक दाणा उचलायचा. दोन्ही धान आले तर मूल मोकळे, एक धान एक लाखोळी आली तर माझ्यासारखे, दोन्ही लाखोळी आल्या तर आजारी. "म्हंजे चारातलं एक," एक आजी म्हणाल्या. मी त्यांनाच उचलायला सांगितले, दर खेपेला दाणे परत वाटीत टाकून. त्यांच्या हाती लागोपाठ दोनदा लाखोळीची जोडी आली. आजी गप्प झाल्या. दर बाळंतपणाला वाट्या पुन्हा भरलेल्या असतात, मागचा हिशेब पुढे चालत नाही, हे त्यांनीच मग शेजारणीला सांगितले. एकाच वाटीत लाखोळी असेल तर मूल आजारी होऊच शकत नाही, हेही पोरींनी आपणहून काढले. माझ्या पत्नीच्या वाटीत दोन्ही धान आहेत. म्हणून आमची मुलगी फार तर माझ्यासारखी असेल, आजारी नसेल. हेही मी सभेत सांगितले.

मग मागून माझ्या मामीचा आवाज आला. "काहून जी, हे आमच्याच रगतात काहून?" तिने पहिल्यांदाच काही विचारले होते. मी हिवतापाची गोष्ट सांगितली. तुझ्या-माझ्या आजे-पणज्यांपैकी जे तापातून वाचले, ते कदाचित या एका दाण्यामुळे वाचले. तो दाणा तू पैदा केला नाहीस, तुला तो कोणी शाप म्हणून दिला नाही. तिने ऐकून घेतले. तिचे दुःख गेले असे मी म्हणणार नाही. पण जाताना तिने मला विचारले, "मंग लहानीची तपासणी कवा करता?" लहानी म्हणजे तिची नात.

या एका प्रश्नावरून मी काही अनुमाने काढतो. एक, विज्ञान सांगणाऱ्याने प्रथम आपले कार्ड दाखवले पाहिजे. आपल्यातले कितीतरी शिक्षक, कारकून, अभियंते आपली कार्डे लपवून बसले आहेत; मीही चार वर्षे नव्हे, चौदा वर्षे जाहीरपणे गप्प होतो. आपले मौन हेच त्या आजाराला जातीचे नाव देणाऱ्यांचे बळ आहे. दोन, ज्या रंगमंचावर आमच्या झाडीपट्टीची माणसे रात्र जागवतात, मंडईच्या दिवसांत दंडार आणि नाटके पाहतात, तिथे ही गोष्ट गेली पाहिजे. 'तृतीय रत्न'चा वारसा तोच आहे. तीन, दोष हा शब्द आपण टाकला पाहिजे.

मोहिमेचे लोक आमच्या तालुक्यात येतील, रक्त घेतील, कार्डे वाटतील. त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे आपला एक माणूस उभा असावा, ज्याला 'काहून' असे विचारता येईल. आमच्या महाविद्यालयातल्या दहा मुलामुलींनी वाट्या आणि दाणे घेऊन या कामाला सुरुवात केली आहे. इतर गावांतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते आपापल्या वस्तीत करावे, एवढ्याचसाठी हा लेख.